पत्रा फाटते, सर!

जीवन सरांनी माझं नाव खोडलं. तेही लाल पेनानं, अख्ख्या दहावीसमोर!

यवतमाळच्या इंग्रजी वाचन स्पर्धेला आमच्या मारेगावच्या शाळेतून एकीलाच जायचं होतं आणि ती मी होते. माझा गुन्हा काय? सर डस्टर आपटत 'युनिव्हर्सिटी'चे तुकडे पाडत होते. यु! नि! व्हर! सि! टी! पाचही सारखेच ठणठणीत. मी उठून म्हटलं, "सर, जोर फक्त 'व्हर'वर द्या नं. बाकीचे हलके."

"कुठं शिकली गं? बापाच्या गॅरेजात?"

वर्ग खदाखदा हसला. माझ्या बाकावरची मैत्रीण अपेक्षासुद्धा!

हो, गॅरेजातच शिकले! अब्बा चेपलेल्या गाड्या ठोकून सरळ करतात. महिनाभर मी तिथंच बसून, मोबाइलवर ऐकून, मोठमोठे शब्द घोकले. पहिल्या दिवशी मीपण सगळे तुकडे ओरडूनच म्हणत होते. अब्बांनी हातोडी थांबवली. "कशफ बेटा, सबन जागी जोरानं हानलं तं पत्रा फाटते. आजूबाजूनं हलकं, अन् नेमक्या जागी एकच दणका."

मधल्या सुट्टीत मी तणतणत मुख्याध्यापिका राठोड मॅडमकडे गेले. सर आधीच तिथं चहा पीत बसलेले.

"लई शहाणी झाली ही, मॅडम. आधी माफी मागू द्या, मंग पाहू."

"माफी कायले? चुकली असन तं मागतो नं!"

मॅडमनी कपाटातली जाडजूड डिक्शनरी काढली, एक पान उघडलं. "रिस्पॉन्सिबिलिटी. दोघंही म्हणा."

सरांनी सहा तुकड्यांना सहा दणके दिले. मी बोटाच्या पेरानं टेबल वाजवलं. टक, टक, टक, ठाण्! टक, टक. डिक्शनरीत जड तुकड्याआधी बारीक उभी रेघ असते. मॅडमचं बोट त्या रेघेवर थांबलं. रेघ 'बि'च्या आधीच होती!

"इंग्रजांचं काय सांगता, मॅडम, आपल्याकडं असंच चालते," सर पुटपुटले.

"फॉर्म भरा, जीवन सर."

सरांनी निळा पेन काढला. नाव लिहिलं. मग मान वर न करता म्हणाले, "वडिलांचा व्यवसाय... व्यापार लिहितो. बरं दिसते."

माझे कान तापले.

"बरं कायले दिसावं? डेंटिंग लिहा, सर. गॅरेजात."

सरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी फॉर्मकडे.

ते दोन शब्द पूर्ण लिहून होईस्तोवर मी टेबलापासून हलले नाही.