हिरीचा निखळलेला खांदा

मी हिरीचा उजवा खांदा बोलतोय. गंजाडच्या हिरीचा. नाव मोठं, लक्षण खोटं, तसला मी.

शाळेत मला उखळीचा सांधा म्हणतात. कसली उखळ? खोल उखळ त्या खुब्याची, मांडीच्या हाडाचं डोकं तिच्यात कसं घट्ट बसतं! माझ्या वाट्याला पाठीच्या पात्यावरची उथळ बशी, आणि तिला टेकलेला दंडाच्या हाडाचा गोळा. म्हणून मी चहूकडे फिरतो, आणि म्हणूनच निसटतो. खालचं कोपर बघा, साधं बिजागरीचं, एकाच अंगाने उघडतं, पण कामाचं!

हिरी चिकूच्या वाडीत लांब काठीच्या जाळीने फळं उतरवायची. २०१७च्या उन्हाळ्यात काठी फांदीत अडकली, तिने हिसडा दिला आणि मी आलो बाहेर! नवरा लडक्या धावला. विहिरीचा दोर ओढावा तसा त्याने हात ओढला. मी आणखीच बिघडलो. शेवटी डॉक्टरीणबाईंनी मला जागेवर बसवलं, हात गळ्यातल्या झोळीत बांधला आणि बजावलं, "महिनाभर वर करायचा नाही."

आठवडा झाला नाही तोच हिरी त्या झोळीत चिकू भरून वाडीत हिंडायला लागली! मी पुन्हा निखळलो. मला काय, निमित्तच हवं.

मला पुन्हा बसवलं खरं, पण आता हात वर जाईना. आणि लेकीचं, रूपीचं लग्न तोंडावर. आमच्यात भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही.

"शेजारची भिकी लिहील," बाया म्हणाल्या.

रूपी हटून बसली. "नाय! आयेचाच हात पायजे."

हिरीला रडूच फुटलं. "वरच जात नाय, बायो. काय करू?"

लडक्या पुढे झाला. तिचं कोपर तळहातावर घेऊन त्याने हळूच उचललं. "तू लिही. मी धरतो."

बायांची हसून मुरकुंडी वळली. "उभ्या जन्मात बायकोचा हात असा धरला नव्हतास रे!" तो लाजला, पण हलला नाही. चौक पुरा झाला. चौकात काढलेली माणसं त्रिकोणांची, त्यांचा खांदा म्हणजे नुसता एक कोपरा. माझी लायकी हिरीने बरोबर ओळखली होती.

सासरी निघताना रूपी आईच्या गळ्यात पडली. डोकं टेकलं ते नेमकं माझ्यावर. ठणका मस्तकात गेला.

"अगो, खांदा दुखंल तिचा!" भिकी ओरडली.

"ऱ्हाऊ दे," हिरी म्हणाली.

मला मेल्याला भरून आलं.

आता मी अर्धाच वर जातो, कुरकुरतो. बाबांनो, मला ओढू नका, हिसडे देऊ नका. डोकं टेकायचं असेल तर मात्र खुशाल टेका.