हात मांडीखाली

माझी लेक कोंडी जन्मापासून बहिरी. पण गावात, साखरशेतला, आम्हा मायलेकींचं कधी काही अडलं नाही. नाचणी, पाणी, ताप, भांडण, सगळं आम्ही हातांनी बोलायचो. मग जव्हारच्या शिकलेल्या लोकांनी सांगितलं, काशीबाई, पोरीला शहरात बहिऱ्यांच्या शाळेत घाला, बोलायला लागेल. अडुसष्ट साली मी घातली.

मेच्या सुट्टीत शाळेच्या बाई तिला सोडायला आल्या. दारातच कोंडी घोगऱ्या आवाजात "आई" म्हणाली. शेजारपाजारचे बघत राहिले. मीही रडले, वेडी.

"आता घरी खुणा करायच्या नाहीत," बाईंनी बजावलं. "नाहीतर बोलणं विसरेल."

बाई गेल्या आणि कोंडी कळवळून भिंतीशी बसली. मी हातांनी विचारलं, कुठं दुखतं? तिनं घाबरून दाराकडे पाहिलं आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. तिला शाळेत घालायला गेले तेव्हा, खुणा करू नयेत म्हणून सगळ्या पोरांना असंच बसवलेलं मी पाहिलं होतं. मग ती तोंड उघडून म्हणाली, "आई. घर. फूल."

मी तिचे हात ओढून बाहेर काढले. तिनं ते पुन्हा दाबले.

त्यांनी माझी पोर बोलती केली, हे खरं. फक्त माझ्याशी बोलायची, ती बंद केली.