नट बसेना

सुनेत्राने पान्याला जोर दिला आणि नट पुन्हा गरागरा फिरला. घट्ट होईना की सुटेना.

"बस ना मेल्या!" ती गाडीखालूनच ओरडली.

लालबागच्या त्या चाळीच्या पटांगणात पिकअप एका बाजूने जॅकवर उचललेली होती. पुढचं चाक काढून भिंतीला टेकवलेलं. चाकाच्या मागे खालच्या आर्मवर, म्हणजे चाक धरणाऱ्या लोखंडी दांड्यावर, जो बॉल जॉइंट असतो, तो जुना झाला होता. खड्डा आला की खडखडायचा. तिने नवा आणून आर्मवर चढवला होता. त्या सांध्याच्या डोक्यावर वर निमुळता होत जाणारा एक खुंटा असतो. तो चाकाकडच्या तशाच निमुळत्या भोकात घालायचा आणि वरून नट आवळायचा, म्हणजे खुंटा भोकात रुतून बसतो. हा रुततच नव्हता. नटाबरोबर तोही मजेत फिरत होता.

"वहिनी, सोडा आता," जयवंत कट्ट्यावरून म्हणाला. तो तिचा धाकटा दीर. हापिसातला माणूस, सुट्टीच्या दिवशीही इस्त्रीचा शर्ट. "गिऱ्हाईक संध्याकाळी येतोय. आहे तशी नेतो म्हणतो."

"नेतो कसा? मी देते का?"

"गाडी आईच्या नावावर आहे."

हे तो सकाळपासून तिसऱ्यांदा ऐकवत होता. गाडी देवदत्तने, तिच्या नवऱ्याने घेतली आणि नाव घातलं आईचं. देवदत्त गेल्यावर सुनेत्रा स्टिअरिंगवर बसली. डंकावर कुटलेला मसाला दादरला, माहीमला दुकानांतून पोचवायची. ऐन उन्हाळा, मसाल्याचा हंगाम. डंकावर डबे भरून पडले होते, हवेत मिरचीचा खकाणा, आणि इथे एक नट बसत नव्हता. गाडी गेली तर उद्यापासून तिने करायचं काय, हे विचारायची कुणाला गरज वाटली नव्हती.

सासूबाई, सुमतीबाई, कट्ट्यावर जयवंतच्या शेजारी बसल्या होत्या. गाडी आज चाकावर उभी राहिली तर ठेवायची, नाही तर जयवंत म्हणतो तशी विकायची, असं त्यांनीच ठरवून दिलं होतं.

"देवाक नको आसा ती गाडी," त्या पुटपुटल्या. "नायतर अशी कशी फिरात ती चकली?"

"चकली नाही, नट!" सुनेत्राच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "देवाला काय दुसरे उद्योग नाहीत का आई?"

तिने खुंटा जुन्या खुंट्याशी ताडून पाहिला होता. माप तेच. वरून पहार घालून दाबून पाहिलं. तरी फिरला. फोन करून दुकानदाराला डुप्लिकेट माल विकतोस म्हणून झापलं. तो बिचारा शपथा घेत राहिला.

एवढ्यात जयवंतने नाक्यावरून दगडू वेल्डरला बोलावून आणलं. दगडूने वाकून पाहिलं आणि छाती फुगवली.

"ताई, एक टाका मारतो. जन्मात फिरणार नाही."

"आणि तुटला म्हणजे?"

"तुटंल कसा?"

"वेल्डिंगने पोलाद कडक होतं, कडक झालं की तुटतं. माहीमच्या रस्त्यात चाक आडवं झालं, कुणाच्या पोरावर गाडी गेली, तर तू येणार का तिथे टाका मारायला?"

दगडूने डोकं खाजवलं. "मग ऱ्हाऊ द्या. आपल्याला लफडं नको."

"अरे, विकायचीच आहे ना!" जयवंत म्हणाला. "संध्याकाळपर्यंत उभी राहिली म्हणजे झालं."

सुनेत्रा गाडीखालून बाहेर आली. हातात पाना होता. जयवंत एक पाऊल मागे सरकला.

"म्हणजे दुसऱ्याला मारायला विकायची? भाऊजी, लाज कुठे गहाण ठेवलीत?"

ती पुन्हा खाली शिरली. रागारागात नट काढला, खुंटा भोकातून खाली ओढला आणि भोकात बोट घालून फिरवलं. बोट लाल होऊन बाहेर आलं. गंज असेल म्हणून तिने बोटं चोळली. गंज खरखरतो. हे गुळगुळीत होतं. तिने वास घेतला. खोबरेल.

ती बाहेर आली ती थेट कट्ट्यापाशी.

"आई, सकाळी तो बॉल जॉइंट देवापुढे ठेवायला दिला होता. काय लावलंत त्याला?"

या घरात नवी वस्तू देवापुढे ठेवल्याशिवाय वापरायची नाही. कुकर आला तरी आणि पंखा आला तरी.

"कुंकू लायलंय. दुसरां काय?"

"आणि कुंकवाच्या खाली?"

सुमतीबाई गोंधळल्या. "सुक्या लोखंडाक कुंकू रवता काय गो? वायच त्याल लायलंय. चकचकीत खुंटो होतो, त्येकाच चांगला चोळून लायलंय."

"चोळून!" सुनेत्राने कपाळावर हात मारला, तिथेही लाल झालं. "वरचं कुंकू मी पुसलं, तेल कुठून दिसणार? सुकं लोखंड सुक्या लोखंडाला धरतं, आई. तेल लावलं की सटकतं. सकाळपासून मी दुकानदाराच्या सात पिढ्या काढतेय!"

"बघ आई," जयवंत म्हणाला, "देवाच्या तेलाला नावं ठेवतेय."

"तू गप रव!" सुमतीबाई त्याच्यावर खेकसल्या. मग हळू आवाजात सुनेला म्हणाल्या, "म्हणजे देव नको म्हणत नव्हतो?"

"देव काही म्हणत नव्हता. तेल म्हणत होतं."

तिने पेट्रोलात फडकं बुडवून खुंटा पुसला, भोक पुसलं, फडकं कोरं निघेपर्यंत पुसलं. मग आर्मच्या खाली दुसरा जॅक लावून वर चढवला. गाडीचं वजन आर्मवर आलं आणि खुंटा भोकात दाबला गेला. नट फिरवला. अर्धा फेरा, आणखी थोडा, आणि पाना अडला. तिने दात-ओठ खाऊन शेवटचा जोर दिला. नट सुटू नये म्हणून कॉटर पिन घातली, टोकं वळवली. चाक चढवलं आणि खाली टेकवायच्या आधी दोन्ही हातांनी गदागदा हलवलं. खडखड नाही.

तिने चाळीला गाडीनेच एक वळसा घातला, गटाराच्या खड्ड्यातून मुद्दाम नेली, आणि कट्ट्यासमोर आणून करकचून ब्रेक मारला.

"आज बसला," जयवंत म्हणाला. "पण मी माणसाला शब्द दिलाय."

"कोणाला विचारून?"

जयवंतने आईकडे पाहिलं. आईने पदराने तेलकट बोटं पुसली.

"फोन लाव त्येका. नको म्हणून सांग."

तो फोन घेऊन दरवाजाकडे निघाला.

"भाऊजी, इथेच," सुनेत्रा गाडीतूनच म्हणाली. "आणि स्पीकरवर ठेवा."

त्याने ठेवला. गाडी द्यायची नाही म्हणाला. पलीकडून आवाज आला, "का? जास्त खराब झाली काय?"

सुनेत्रा खिडकीत कोपर टेकवून त्याच्याकडे टक लावून पाहत राहिली. इंजिन चालूच होतं.

"नाही," तो अखेर म्हणाला. "चांगली आहे. वहिनी चालवते."

"जोरात बोला, त्याला ऐकू गेलं नसेल," ती म्हणाली, आणि डंकाकडे गाडी वळवली.