बरं असतानाच्या गोळ्या

“कडुबाभाऊ, गाडी घ्या बाजूला. आत्ताच.”

कन्नडची एसटी दौलताबादचा घाट चढून नुकतीच वर आली होती. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. ड्रायव्हर कडुबानं आरशातून कंडक्टर सुलेखाचा चेहरा पाहिला, काही न विचारता गाडी कडेला घेतली आणि इंजिन तापलंय असं प्रवाशांना सांगून टाकलं. सुलेखानं तिकिटाचं मशीन त्याच्या हातात दिलं आणि समोरच्या शेतातल्या घराकडं ती जवळजवळ पळतच गेली. अंगणात मिरच्या वाळत घालणाऱ्या बाईनं तिच्याकडं एकदा बघितलं आणि मागच्या संडासाकडं बोट दाखवलं.

दोन वर्षांनी पुन्हा रक्त दिसलं.

ती परत आली तोवर पंधरा मिनिटं गेली होती. प्रवासी कुरकुरत होते. एकाला खुलताबादला दाखल्यासाठी तहसीलात जायचं होतं, त्यानं तर तिची तक्रारच करायची ठरवली होती. सुलेखानं कुणाकडं न बघता दोनदा बेल मारली.

मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होतात, असा तिचा आजार. पहिल्या वेळी दिवसातून बारा-पंधरा वेळा जावं लागायचं, अकरा किलो वजन उतरलं होतं. मग गोळ्या सुरू झाल्या आणि चार महिन्यांत ती ठणठणीत झाली. तिथंच सगळं बिनसलं. आजारी असताना गोळी घ्यायचा तिला कधी कंटाळा आला नाही. पण बरं असताना, भाकरी पचत असताना, दिवसातून तीनदा ते पाकीट उघडायचं म्हणजे दिवसातून तीनदा स्वतःला आजारी म्हणवून घ्यायचं. शिवाय अधूनमधून रक्ताच्या तपासण्या. आणि डॉक्टरांनी सहज उच्चारलेला तो ‘कायम’ हा शब्द. तिचं वय अवघं अडतीस होतं.

सासू सरूबाई म्हणायची, “खातीस, पितीस, ड्यूटीला जातीस. मंग रोग हाय कुठं?” सुलेखालाही तेच ऐकायचं होतं. उन्हाळ्यात तिनं गोळ्या सोडल्या. नवऱ्यालाही कळू दिलं नाही. तीन महिने काही झालं नाही, आणि ती मनातल्या मनात डॉक्टरला हसत राहिली.

घाटातल्या त्या प्रकारानंतर चौथ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. गोळ्या चालू आहेत ना, असं डॉक्टरांनी विचारल्यावर ती व्हय म्हणाली. डॉक्टर गंभीर झाले. गोळ्या चालू असूनही त्रास उलटत असेल तर पुढचं, जास्त जोरकस औषध बघावं लागेल, इंजेक्शनंही लागतील, असं ते सांगू लागले. तेव्हा तिला खरं बोलणं भाग पडलं.

“बंद केल्या होत्या. मला बरं वाटत होतं, डॉक्टर. बऱ्या माणसानं किती दिवस गोळ्या खायच्या?”

“सुलेखाताई, बरं वाटत होतं ते गोळ्यांमुळेच.”

“मंग परत चालू केल्यावर पुन्हा व्हायचं नाय, असं लिहून देता का?”

“नाही. शक्यता बरीच कमी होते. एवढंच सांगू शकतो.”

एवढंच! रिक्षात बसल्यावरही तो शब्द तिच्या डोक्यात ठणकत होता. जन्मभर घ्यायचं आणि बदल्यात एवढंच. तिला डॉक्टरचा राग आला, सासूचा आला, स्वतःच्या पोटाचा तर इतका आला की ते कुणा दुसऱ्याचं असावं असं वाटलं.

घरी सरूबाई पिठल्याचं पातेलं उतरवून बसली होती. गोळ्या सोडल्याचं सुलेखानं तिला सांगून टाकलं. माझ्याच जिभेला हाड नाही, मीच तुला नादी लावलं, असं म्हणून ती डोळे पुसू लागली.

“आत्या, तुम्ही म्हणल्या म्हणून सोडल्या नायत,” सुलेखा म्हणाली. “मलाच सोडायच्या होत्या.”

बोलून झाल्यावर तिला हलकं वाटलं नाही. ती खूप वेळ ओट्याला टेकून उभी राहिली. गोळ्या घेऊन खात्री नव्हती, न घेऊनही नव्हती. खरी होती ती फक्त घाटातली पंधरा मिनिटं. तिनं पाकीट फोडलं आणि गोळ्या गिळल्या. राग तसाच होता.

या वेळी त्रास लवकर आवरेना. आगारात हलक्या ड्यूटीचा अर्ज देताना तिनं नेहमीसारखं ‘पोटदुखी’ लिहिलं नाही. आजाराचं नाव पूर्ण लिहिलं. क्लार्कनं ते दोनदा वाचलं. आगारप्रमुखांनी तिला दोन महिने बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत बसवलं. खिडकीमागं संडास होता. सगळे म्हणाले, सोय झाली.

सोमवारी दुपारी कन्नडची गाडी लागली. कंडक्टरची बॅग खांद्याला लावून एक नवी मुलगी दारात उभी होती. सुलेखानं माईक ओढला, गाडीचं नाव, मधले थांबे आणि फलाट दोनदा स्पष्ट सांगितला. गाडी मागं सरली, वळली, फाटकाबाहेर गेली. तिनं पाण्याबरोबर दुपारची गोळी घेतली, घसा साफ केला, आणि पुढच्या गाडीचं नाव पुकारलं.