निळ्या पाकिटावरचा एक

सकाळी साडेसहाला सिगारेटचं निळं पाकीट उडत आलं आणि सुनेच्या भुवईवर आदळलं. कोपरा नेमका हाडावर लागला. तिने हात लावून पाहिलं तर बोटं लाल झाली होती.

"एका सिगारेटची पट्टी सुटलीय!" नवरा बाथरूमच्या दारातून खेकसला. "दोन झुरके मारले तर नुसती हवा! एवढं साधं काम जमत नाही तुला?"

पाकीट उचलायला ती वाकली, तर पाठीत लाथ बसली. सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, खळ जरा दाट करायची. माझी एकही पट्टी कधी सुटली नाही."

त्या घरचा रिवाजच तसा होता. सासऱ्यांच्या छातीत पहिल्यांदा कळ आली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, सिगारेट सोडा. ते सोडायचे कुठले? त्यांनी कडक सोडून लाइट धरली. पाकिटावर ठळक छापलं होतं, टार एक मिलिग्रॅम. पण त्या हलकीने त्यांची तलफ भागेना आणि घरातली भांडी मात्र भिंतीवर फुटू लागली. मग कुणीतरी युक्ती शिकवली. फिल्टरभोवती सुईच्या टोकाएवढ्या भोकांची एक रांग असते, तिच्यावर कागदाची पट्टी डकवायची. त्या दिवसापासून सासूबाई रोज संध्याकाळी कणकेची खळ करून वीस पट्ट्या चिकटवू लागल्या. बारा वर्षं त्यांनी हे केलं. सासरे गेले, तरी त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत, "हलकी ओढायचे म्हणून एवढी तरी वर्षं काढली." मग मुलाने तेच पाकीट धरलं आणि खळीची वाटी सुनेकडे आली.

यातली खरी चीड आणणारी गोष्ट पुढेच आहे. सून नोकरीला होती ती त्याच सिगारेटच्या कारखान्यात, तीही मापाच्या खोलीत! पाकिटावरचा तो 'एक' तिच्याच हाताखालून जात होता. पण आकडा म्हणजे आतल्या तंबाखूची ताकद, असंच तिला वाटे. पट्टीने चव वाढते, ताकद काही वाढत नाही, असं नवरा सांगायचा आणि तीही मान डोलवायची. शहाण्यासुरत्या माणसांनाही हेच वाटतं, तिथे तिला काय बोल लावणार?

त्या दिवशी पाकिटातल्या आणखी एका सिगारेटची सैल झालेली पट्टी तिने थुंकी लावून दाबून बसवली, पण ती पुन्हा सुटेल या भीतीने ती सिगारेट पाकिटात न ठेवता खिशात टाकली. कामावर मशीनच्या वीस नळ्यांत वीस सिगारेटी खोचायच्या असत. मशीन त्या पेटवी, मिनिटाला एक झुरका घेई, तोही बेताचा, आणि धूर नळीमागच्या पांढऱ्या चकतीवर जमे. चकतीचं वजन करून आकडा वहीत लिहायचा, एवढंच तिचं काम. भुवई ठणकत होती. विसावी सिगारेट तिच्या बोटांत मोडली. साहेब मागेच उभे होते. घाबरून तिने खिशातली काढली आणि खोचून दिली.

एकोणीस चकत्या जेमतेम पिवळट झाल्या. विसावी करपलेल्या तव्यासारखी काळपट तपकिरी निघाली. तिने तीनदा वजन केलं. एकाच्या जागी नऊ भरले.

साहेबांनी थोटूक उलटंपालटं केलं, नखाने पट्टी सोलली आणि त्यांचा चेहरा पडला. "फेक हे. लिहू नकोस."

"साहेब, भोकं झाकली की एवढं वाढतं?"

"भोकांतून धुरात मिसळणारी हवा बंद झाली की वाढणारच. पण मशीनला बोटं नसतात, बाई. ओठही नसतात. आपण मशीनचं मोजतो, माणसांचं नाही."

म्हणजे यांना ठाऊक होतं! नवऱ्याला महिन्यापासून खोकल्यातून रक्त पडत होतं आणि "हलकीच ओढतो ना!" म्हणून तो डॉक्टरकडे जात नव्हता. तिने एक पिवळी आणि ती काळी, अशा दोन चकत्या डब्यात लपवून घरी आणल्या.

संध्याकाळी तिने खळ केलीच नाही. चकत्या टेबलावर नवऱ्यापुढे ठेवल्या. "ही पाकिटावरची. ही तुमच्या छातीतली. मी आता पट्टी लावणार नाही."

त्याने चकतीकडे पाहिलंसुद्धा नाही. "मला शिकवतेस?" म्हणत त्याने तिचे केस धरले आणि तिचं डोकं टेबलावर आपटलं. एकदा, दोनदा. तिचा ओठ फाटला. मग त्याने काचेचा जड ॲशट्रे उचलला. सासूबाई मध्ये आल्या. त्याने त्यांनाही ढकललं. त्या मनगटावर पडल्या आणि हाड मोडल्याचा आवाज तिघांनीही ऐकला.

पण म्हातारी ओरडली नाही. जमिनीवर तिच्यासमोर ती काळी चकती पडली होती. धड हाताने तिने ती उचलली.

"सूनबाई, हे पट्टीमुळं?"

"हो, आई."

"बारा वर्षं गं. रोज वीस. एकही सुटू दिली नाही मी."

नवरा खोकत होता. त्याने खाली पडलेली एक सिगारेट उचलून पेटवली. तिला पट्टी नव्हती. गाल आत जाईपर्यंत त्याने झुरका ओढला, पण समाधान होईना. त्याची बोटं आपसूक वर सरकली आणि भोकांच्या रांगेवर चिमटीसारखी बसली.

"बघ, बोटं कुठं गेली तुझी," सासूबाई म्हणाल्या. "मरायचं तर आता तुझ्याच बोटांनी मर. या घरातल्या बाईचे हात नाही मिळायचे." आणि शाबूत हाताने त्यांनी खळीची वाटी खिडकीबाहेर भिरकावली. तो बोटांकडे बघतच राहिला. सुनेने सासूबाईंना धरून उठवलं. दोघी दवाखान्यात गेल्या आणि तिथून सुनेच्या मावशीच्या घरी.

सकाळी सुजलेल्या डोळ्याने सून कामावर आली. वहीत छापील रकान्यात तिने 'एक' लिहिला. त्याखाली लिहिलं, 'भोकं झाकून : नऊ', आणि सही केली.

"हे कुणी सांगितलं मोजायला?" साहेबांचा आवाज चढला. "नोकरी जाईल!"

तिने वही छातीशी घट्ट धरली.

"माझ्या सासूनं," ती म्हणाली. "आणि ती बाहेर फाटकाशी उभी आहे, हात गळ्यात बांधून. येणाऱ्या प्रत्येकाला काळी चकती दाखवतेय."