कललेलं तिकांडं

चांद्रयान चंद्रावर उतरलं आणि माजलगावातल्या घरांची छतं बिघडली. बिघडली म्हणजे सुधारली म्हणा; पण पीओपीची कामं घेणारा अभिमन्यू बिघडली असंच म्हणायचा. आधी लोक छताला कमळ मागायचे, फार तर मोर. आता जो तो अंतराळ मागू लागला. पोरांच्या खोलीत काळंनिळं आभाळ, बैठकीत शनीच्या कड्यासारखं झुंबर, पलंगाच्या डोक्याशी चंद्रावरचे खड्डे. एका अडत्यानं तर देवघरामागच्या भिंतीला मंगळाचा तांबडा रंग द्यायला लावला, आणि मंगळ कडक असतो असं कुणीतरी सांगितल्यावर महिन्याभरात पुसायलाही लावला. हौसेला मोल नसतं. अभिमन्यू दोन्ही कामं एकाच चेहऱ्यानं करून आला.

तो चेहरा त्याला गेल्या पौषापासून बसला होता. त्याचा बाप रामहरी आईला घेऊन कर्नाटकात ऊसतोडीला गेला होता, तिथंच फडावर गेला. निरोप आला तेव्हा अभिमन्यू परांचीवर उभा राहून कुणाच्या तरी छतात चांदण्या ओवत होता. तो खाली उतरला, हात धुतले, धारूरजवळच्या आपल्या गावी जाऊन बापाला अग्नी दिला, दिवस घातले, आणि परत येऊन तेच छत पुरं केलं. रडू आलं नाही. आज येईल, उद्या येईल म्हणून त्यानं वाट बघितली. मग वाट बघायचंही राहून गेलं. जेवण जायचं, झोप लागायची, काम व्हायचं. कुणी बापाची आठवण काढली की तो मान हलवायचा, जसं काही दुसऱ्याच्याच बापाचं चाललंय.

एक गोष्ट मात्र त्याला अजून हवी होती. आईनं, रुक्मिणीबाईनं, आपल्या घरी यावं आणि पोटभर निजावं. बापाला त्यानं काही दिलं नव्हतं. जन्मभर दोघांनी कोयता धरला, थंडीचे सगळे महिने कुणाच्या ना कुणाच्या फडाकडेला पाचटाची कोपी घालून काढले. निदान आईच्या वाट्याला तरी सुख यावं, एवढंच त्याच्या मनात जिवंत उरलं होतं.

म्हणून दिवाळीनंतर आईला आणायचं ठरलं तेव्हा त्यानं तिच्या खोलीचं छत स्वतःच्या हातानं केलं. गिऱ्हाइकाकडे तो चांदण्या हाताला येतील तशा टोचायचा. बोर्डाला बारीक भोकं पाडायची, त्यातून केसासारखे दोरे ओवायचे, मागं एक दिवा ठेवायचा. बटण दाबलं की दोऱ्यांची टोकं लुकलुकतात आणि लोक माना वर करून पैसे देतात. आईसाठी मात्र त्यानं खरं आभाळ लावलं. कुठलं पुस्तक उघडलं नाही, मोबाइलवर बघितलं नाही. लहानपणी आईबापाबरोबर फडावर असताना बघितलेलं आभाळ जसंच्या तसं डोळ्यांपुढं होतं. कृत्तिकेचा पुंजका, रोहिणीची लाल टिकली, आणि ओळीत उभ्या तीन चांदण्या, ज्यांना त्याचा बाप तिकांडं म्हणायचा. सगळं जागच्या जागी.

रुक्मिणीबाई आली. वर बघितलं.

"आवडलं का, माय?"

"तुझ्या बापाचं तिकांडं हाय की," ती म्हणाली आणि पिशवीतली लुगडी काढून घडी घालत बसली. बस, एवढंच. तीही नवरा गेल्यापासून रडली नव्हती. मायलेकराची जोडी विधात्यानं बघून जुळवली होती, दोघंही कोरडीठाक.

दुसऱ्या दिवशी सकाळी अभिमन्यूची बायको दिपाली उठली तर स्वयंपाकघरात भाकरी थापून फडक्यात बांधलेल्या, आणि सासू डोईला पदर गुंडाळून दाराच्या पायरीवर बसलेली. तिसऱ्या दिवशी तेच. आठ दिवसांनी घरात भाकरी खाणारी तोंडं कमी आणि भाकरी जास्त अशी गत झाली. दिपाली शेजारच्या गाईला घालू लागली. गाय मात्र सुखात होती.

"अवं, आत्या रोज अंधारात उठून बसत्यात," ती नवऱ्याला म्हणाली. "इचारलं तर म्हनत्यात, येळ झाला. कशाचा येळ?"

अभिमन्यूनं आईला अंबाजोगाईला नेऊन दाखवलं. डॉक्टरांनी वयाचं कारण सांगितलं, झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. रुक्मिणीबाईनं त्या मुकाट्यानं घेतल्या, आणि गोळीच्या गुंगीत भिंत धरधरून उठू लागली. एकदा चुलीसमोर, म्हणजे गॅससमोरच, पडता पडता वाचली. दिपालीनं गोळ्या फेकून दिल्या. आई म्हणाली, "मला गावाकडं सोड, बाबा. तुमच्या झोपंचं खोबरं करून ऱ्हायलेय मी." अभिमन्यू बरं म्हणाला. बरं म्हणताना छातीत काहीतरी व्हायला पाहिजे होतं, झालं नाही. तरी सोडायला जाण्याआधी, दुपारी आई शेजारी गेली असताना, तो तिच्या खोलीत शिरला. खोलीत कुठं वारा लागतो का, उजेड डोळ्यांवर येतो का, बघावं म्हणून. पडदे ओढले, बटण दाबलं आणि आईच्या पलंगावर उताणा पडला.

पडल्या पडल्या त्याला थंडी वाजली. दुपारची वेळ, खोली बंद, तरी वाजली. पाय आपोआप पलंगावरून खाली गेले आणि चपला चाचपू लागले. उठायला पाहिजे, गाडी जुंपली असेल, उशीर केला तर मुकादम शिव्या देईल. आणि कानाशी बापाची ती दबकी हाक: तिकांडं कललं, ऊठ.

तो उठून बसला. वर बघितलं. तीन चांदण्या मावळतीकडं कललेल्या होत्या. त्यानंच लावल्या होत्या तशा. दुसऱ्या कशा लावणार? लहानपणी संध्याकाळी भाकरी खाल्ली की तो कोपीत मेल्यासारखा झोपायचा. आभाळ त्यानं बघितलं ते फक्त बाप उठवायचा तेव्हा, गाडीत पडल्या पडल्या. त्याला ठाऊक असलेलं आभाळ एकच होतं, उठायच्या वेळेचं. तेच त्यानं आईच्या डोक्यावर कायमचं खिळवून ठेवलं होतं.

रुक्मिणीबाई आली तेव्हा तो तसाच बसला होता.

"माय, हे बघून उठतीस तू?"

"तिकांडं कललं की उठायचं असतं. त्यात बघायचं काय?"

"बटण बंद करायचं मग."

"दिपालीनं लई डाव केलं बंद. बटण दाबलं म्हून आभाळ जातंय व्हय? वर हायच की." ती त्याच्याशेजारी टेकली. भाजी आणायला सांगावी तशा आवाजात बोलू लागली. "तुझा बाप हाक मारायचा. त्या दिशी मी आधीच जागी झालते. कोपीच्या तोंडातून बघितलं तर तिकांडं कललेलं. म्हनलं, आज हाक कावून येईना? मग म्हनलं, निजू दे. रोज त्योच आधी उठतोय, आज निजू दे त्याला. आन् वाट बघत पडले. लई येळ पडले, बाबा. शेजारीच व्हता."

हे अभिमन्यूला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही कधी विचारलं नव्हतं.

"हितं रोज तसंच कलून ऱ्हातंय," आई म्हणाली. "मावळतच न्हाई. म्हून मीच उठते."

"मी काढतो ते. उगवतीला लावतो. तिकांडं उगवतीला असलं म्हंजी निजायचा येळ, न्हाई का?"

"उगवलं की कलनारच."

"मग दुसरं काय लावू? तू सांगशील ते लावतो."

"काय बी लावू नगंस." तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आमचा जल्म आभाळाखालीच गेला. लोकाला हौस आसंल, त्यांनी बघावं. मला छत दे."

त्याच दुपारी त्यानं घमेल्यात पुट्टी कालवली. दोरे ओढून काढले आणि भोकं बुजवू लागला. रुक्मिणीबाई शिडी धरून उभी राहिली. रोहिणी बुजली, कृत्तिका बुजल्या. शेवटच्या तीन राहिल्या तेव्हा ती म्हणाली, "सरक, ह्या माझ्या." पदर खोचून ती शिडीवर चढली. दिपालीनं खालून तिचे पाय धरले. ओल्या पुट्टीचा अंगठा तिनं एकेका चांदणीवर दाबला, लेकराला तीट लावावी तसा, आणि खाली उतरून हात धुतले. पांढऱ्या रंगाचा हात फिरल्यावर छत अगदी साधं झालं. असं छत करायला माजलगावात अभिमन्यूला कुणीच बोलावलं नसतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं ओट्यावरून आत आली, दूधवाला येऊन गेला, सासू आल्यापासून दिपालीनं पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं भाकरी टाकल्या. आईचं दार लोटलेलंच. अभिमन्यू आत गेला. ती उताणी पडली होती, तोंड थोडं उघडं, एक हात पलंगाबाहेर. वाकून त्यानं तिच्या नाकाशी बोटं धरली. श्वास ऊन ऊन लागला. अगदी हलकं घोरतही होती.

दिपाली दारात आली. "आत्यांस्नी उठवू का? च्या गार व्हतोय."

"निजू दे," अभिमन्यू म्हणाला.

ते दोन शब्द तोंडातून गेले आणि त्याला बापाची कोपी दिसली. तो पलंगाजवळ खाली बसला, पुट्टी वाळलेले हात तोंडावर घेतले, आणि आई जागी होऊ नये म्हणून आवाज दाबून, पण पोटभर, बापासाठी रडला.