चंद्रीचं आंबोण

निंगव्वा रिकामी बादली घेऊन शेजारच्या शांतव्वाच्या दारात उभी राहिली आणि तिथंच ठिणगी पडली.

"आज धुवण न्हाई, सालं न्हाईत," शांतव्वा म्हणाली. "पोरगी साळंत घेऊन गेली."

"साळंत? म्हशी शिकायला बसल्यात का तिथं?"

"ओला कचरा आणायला सांगितलाय. हरित शाळेचं बक्षीस हाय म्हणं."

"माझ्या चंद्रीचं आंबोण कचरा कवापासनं झालं गं?"

चंद्री म्हशीचे दिवस भरत आले होते. पावसानं पाठ फिरवलेली. बांधावरची काळी माती भेगाळून पडली होती, गवताचं नाव नव्हतं. घराघरातलं धुवण, सालं, उरलासुरला भात यावरच म्हैस तगून होती. त्याच्या बदल्यात, ज्याच्या घरचं धुवण म्हशीच्या पोटात गेलं त्याच्या घरी तिच्या चिकाचा खरवस जायचा. हुणसीकट्टी गावची ही रीत कुणी कुणाला शिकवली नव्हती.

शाळेच्या कोट्रेश मास्तरांची अडचण निराळीच होती. त्यांनी आधी शाळेच्या आवारात खताचा खड्डा खणला, वर 'प्लास्टिक टाळा' असा प्लास्टिकचा फलक टांगला, आणि मग कळलं की गावात कचराच नाही. साल गोठ्यात, राख भांड्यांना, शेण चुलीला. मुलं रिकाम्या हातांनी आली की छड्या खायची. मग दोडक्याच्या सालीचीसुद्धा चटणी करणाऱ्या बाया मुकाट्यानं वांगी सोलू लागल्या.

निंगव्वा शाळेत गेली. "मास्तर, गाभण जनावर हाय. हाडं वर आलीत."

"अव्वा, हे पर्यावरणाचं काम आहे. तुला नाही कळायचं."

"खरं हाय. चंद्रीलाबी कळंना. ती आपली उपाशी हाय."

मास्तर हसले. खड्डा मात्र भरत गेला.

बक्षिसासाठी शाळा तपासायला पाहुणे यायच्या आदल्या संध्याकाळी निंगव्वानं चंद्रीच्या दाव्याची गाठ जरा सैल मारली. शाळेला फाटक नव्हतंच.

सकाळी शहरातल्या बाई खड्ड्यात वाकल्या. आत एकही देठ नव्हता. खड्ड्याच्या काठावर चंद्री निवांत रवंथ करत बसली होती.

"कचरा कुठं गेला?" बाईंनी विचारलं.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. सगळी शाळा एका सुरात म्हणाली, "म्हशीनं खाल्ला."

"म्हणजे कचरा उरतच नाही?" बाई हरखल्या. त्यांनी चंद्रीसोबत फोटो काढला आणि बक्षीस जाहीर केलं: प्लास्टिकच्या दोन कचरापेट्या, एक हिरवी, एक निळी, प्लास्टिकातच गुंडाळलेल्या.

पाहुणे गेले तशी बायांनी निंगव्वाची बादली पुन्हा भरायला घेतली. मास्तरांच्या घरचं धुवण मात्र नेमानं खड्ड्यात पडत राहिलं; बक्षिसाची लाज राखायची होती.

चंद्री व्याली. रेडी झाली. घरोघर खरवस गेला, शांतव्वाकडं वाडगा भरून गेला. मास्तरांच्या बायकोनं वेलची कुटून ठेवली होती. दिवस मावळला तरी दाराशी कुणी आलं नाही. शेवटी मास्तरच निंगव्वाकडं आले.

"अव्वा, आमच्या घरचं राहिलं वाटतं."

"तुमचं धुवण खड्ड्यानं प्यालं की, मास्तर. तो व्याला की आणून दील."

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला कोट्रेश मास्तर गोठ्याशी हजर. हातात हिरवी पेटी, तिच्यात धुवण आणि सोललेल्या वांग्यांची सालं.

निंगव्वानं ती चंद्रीपुढं सरकवली. चंद्रीनं हुंगलं आणि तोंड घातलं.

"मग, अव्वा?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"रोज आणा," निंगव्वा म्हणाली. "पुढच्या वेताला बघू."